उभ्या बैलाचे नाल

आमच्या गावच्या शाळेत काचेचं एक कपाट आहे. त्यात चार जुनी नाणी आहेत, देवळामागे सापडलेला एक दगडी हात आहे आणि गेल्या दिवाळीपासून माझा लोखंडी साचा आहे. साच्याखाली पुठ्ठ्यावर शाईने लिहिलं आहे, ‘बैलांच्या खाचेच्या नालाचा शोध लावणारे आपल्या गावचे कारागीर.’ पुढे माझं नाव. मास्तरांना मी दोनदा सांगितलं की तो पुठ्ठा काढा. म्हातारा लाजतो आहे असं त्यांना वाटलं. मी लाजत नाही. त्या साच्यापायी एक माणूस गावातून गेला आणि त्याला घालवणारा मी होतो. मास्तर साचा मागायला आले तेव्हा मी तो पुसून, तेल लावून त्यांच्या हातात दिला. ही गोष्ट अलीकडची आहे. म्हणजे म्हातारपणीही मी सुधारलेलो नाही.

म्हणून हे लिहितो आहे. वाचणाऱ्याने माझी कीव करू नये. मला ती नको आहे, आणि ती माझ्या वाट्याची नाहीही.

धर्मापुरीहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर आमचं गाव. तेव्हा निजामाचं राज्य होतं. अंबाजोगाईला सरकारी कागदात मोमिनाबाद म्हणत आणि तिथे घोडदळाची छावणी असे. वाट सगळी मुरूम आणि उघडा खडक. बिननालाचा बैल त्या वाटेवर गाडीला जुंपला तर महिन्याभरात पाय टाकायला कुरकुरे. बैलाच्या खुराला दोन फाका असतात, म्हणून एका बैलाला आठ नाल लागतात. नाल करायचा लोहाराने आणि खुराला मारायचा नालबंदाने. गावात लोहार मी होतो. नालबंद मशिदीमागे राहायचा. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी मोठा, अंगाने बारीक, बोलायला हळू. आमचं कधी पटलं नाही. मी केलेला नाल तो हातात घेऊन उलटासुलटा करी, कानशीने दोन हात घाशी आणि मग वापरी. ते घासणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागे.

बैलाला नाल मारायची आमच्याकडची रीत म्हणजे बैल पाडायचा. विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत चार-सहा गडी जमत. दोर पायांत अडकवून, शेपटीला हिसका देऊन जनावर धाडकन आडवं करत. एक जण मानेवर बसे, दुसरा काठीत चारी पाय आवळून धरी, मग नालबंद कामाला लागे. अर्धा गाव बघायला येई. कुणी किती झटक्यात बैल पाडला यावर पैजा लागत. कधी शिंग मोडे, कधी बरगडी जाई. मग मालक म्हणे, जनावराचं नशीब. पाडणाऱ्याला कुणी बोल लावत नसे.

आमच्या नालबंदाने काही वर्षं छावणीत काढली होती. तिथे घोड्याला उभ्याने नाल मारतात, पाय उचलून मांडीवर घेऊन. छावणीतलं काम सुटून तो गावात आला तेव्हा त्याच्या डोक्यात हेच होतं की घोड्याला जे जमतं ते बैलाला का नाही. लोक म्हणाले, घोडा पाय देतो, बैल देत नाही. तो म्हणाला, बैलाला कुणी कधी मागितलाच नाही.

नेमक्या त्याच वर्षी माझ्याही डोक्यात एक गोष्ट आली होती. गाडीच्या चाकाची झिजलेली धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, माझ्याकडे पडून असे. तिचे तुकडे तापवून एका साच्यात ठोकले तर सगळे नाल एकसारखे निघतील असं मला वाटलं. वर नालाला मी एक खाच दिली. खिळ्याचं डोकं त्या खाचेत बुडे, त्यामुळे ते खडकावर घासत नसे आणि नाल दुप्पट टिके. खिळ्यांची भोकंही साच्यातच पडत. मला हे काम सुचलं, मीच केलं, आणि ते चांगलं होतं. एवढं खरं आहे. खोटं पुढे आहे.

माझा नाल गावाने एका बाजारात उचलला. सांगावं काहीच लागलं नाही. माणूस तो हातात घेई, नखाने खाच चाचपी, जुन्या नालाशेजारी धरून बघे आणि घेऊन जाई. दोन-तीन महिन्यांत तो दुसऱ्या गावांच्या बाजारांतही गेला. पार कडा गावच्या बाजारात माझे नाल पाहिल्याचं एका गाडीवानाने सांगितलं. मी जन्मात कड्याला गेलेलो नाही, पण माझा नाल जाऊन आला. शेजारच्या गावच्या लोहाराने तर तो समोर ठेवून तसाच केला. मला राग आला, आणि बरंही वाटलं.

नालबंदाचं तसं नव्हतं. त्याच्याकडे हातात द्यायला काहीच नव्हतं. त्याने आधी तेल्याला गाठलं. तेल्याचा घाण्याचा बैल म्हातारा होता आणि पाडला तर उठायचा नाही अशी तेल्याला भीती होती, म्हणून तो कबूल झाला. तेल्याचं अंगण माझ्या भट्टीच्या समोरच. पहिल्या दिवशी नालबंद आला तो हात हलवीत. ना हातोडा, ना खिळे. बैलाच्या बाजूला नुसता उभा राहिला. तेल्याला म्हणाला, “तुमी तोंडाशी थांबा. मला न्हाई, तुमाला बघून तो शांत ऱ्हातो.” मग दोघं उभे राहिले. बराच वेळ.

मी भट्टीतून ओरडलो, “बे नालबंदा, बैलाचं लगीन लावायलास काय? अंतरपाट आणू?”

तो म्हणाला, “तू भाता वढ, लोहारदादा. लोखंड थंड व्हायलंय तुझं.”

दुसऱ्या दिवशी त्याने बैलाच्या खांद्यावरून हात खाली नेला, ढोपरापर्यंत. तिथे थांबला. बैलाने पाय झटकला की हात तिथेच ठेवी, काढून घेत नसे. दिवसभरात एवढंच काम. चौथ्या दिवशी मात्र त्याने एक पाय उचलून मांडीवर घेतला आणि उभ्या बैलाला दोन नाल मारले. रोज एक पाय, याप्रमाणे सातव्या दिवशी चारी पाय झाले. त्यानंतर आठ दिवसांनी तो पुन्हा आला, न बोलावता. प्रत्येक खूर चाचपला, गरम लागतो का पाहिला, एक खिळा सैल होता तो घट्ट केला आणि गेला.

हे लोकांना आवडलं नाही. आज ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण तेव्हा ते कुणालाच आवडलं नाही. एक तर पाडापाडीची गंमत गेली. दुसरं, मालकाला स्वतः आठवडाभर बैलाच्या तोंडाशी उभं राहावं लागे. लोक म्हणत, आमीच उबं ऱ्हायचं तर तू कशाला? आणि पुन्हा येऊन बघतो, म्हणजे याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही. माझा नाल त्यांना दिसत होता. त्याचं काम झालं की उरत होता तो फक्त न लंगडणारा बैल, आणि न लंगडणाऱ्या बैलाकडे कोण बघतो?

तरी हळूहळू काही घरं त्याच्याकडे वळली. ज्यांच्याकडे एकच बैल, ज्यांची गाय नांगराला, ज्यांचं जनावर एकदा पाडताना मोडलेलं. त्याला मात्र प्रत्येक घरी स्वतः जावं लागे. माझा नाल कड्याला गेला तशी त्याची रीत शेजारच्या गल्लीतही एकटी जाऊ शकत नव्हती. एका गड्याने ती शिकायची म्हणून दोन दिवस त्याच्याबरोबर काढले आणि तिसऱ्या दिवशी बैलाची लाथ खाऊन घरी गेला. मी त्याला विचारलं, “काय शिकलास बे?” तो म्हणाला, “कायच न्हाई. तो नुसता उबा ऱ्हातोय.”

त्या हिवाळ्यात तहसीलदार गावात आले. पाटलाने माझे नाल त्यांना दाखवले. त्यांनी एक नाल उचलला, वजन केल्यासारखा हातात तोलला, ‘उम्दा’ म्हणाले आणि मला शेला दिला. नालबंदही तिथे होता. कुणीतरी म्हणालं, साहेब, हा उभ्यानं नाल मारतो. तहसीलदार म्हणाले, दाखव. तो म्हणाला, “हुजूर, चार दिन लागतात.” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो माझ्या भट्टीवर आला. हातात माझे दोन नाल आणि एका मेलेल्या गोऱ्ह्याचा खूर होता. खूर तासून त्याने मधून चिरला होता. मला आतलं दाखवून म्हणाला, “हे बघ. बाहेरचं हे नख, मेलेलं. हे आतलं जितं. मोठ्या बैलाला नख जाड असतंय, तुझी भोकं बराबर बसतात. बारीक खुराला तीच भोकं लई आत येतात. खिळा जित्याच्या अंगाला लागून जातो. लगेच कळत न्हाई. चालून चालून दाबतो, मग सुजतंय.”

“मग मोठाच बैल घ्या म्हणावं लोकांना,” मी म्हणालो.

“मस्करी नको करूस. भोकं काडीभर बाहेर घे. साच्यात एवढाच फरक. मी सध्या छिन्नीनं नवी भोकं पाडून घेतोय, पण लोकांना ते आवडत न्हाई. नवा नाल खराब केला म्हणतात.”

मी नाल त्याच्या हातातून घेतला. त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला त्या चिरलेल्या खुराकडे पाहताक्षणी कळलं होतं. लोहाराला ते कळायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. पण खुंटीवर शेला होता. शेला मिळून महिना झाला नव्हता आणि साच्यात चूक होती असं म्हणून मी गावभर फिरायचं, तेही याच्या सांगण्यावरून?

मी म्हणालो, “तुला उभ्यानं नेम बसत न्हाई, तर म्हणं भोकं आत हायती. बैल पाड, बांध, मग बघ कशी बसतात.”

तो म्हणाला, “हात माझा बदलंल, दादा. जशा खुराचा बैल तसा बदलतोय. लोखंड बदलत न्हाई. म्हणून तुलाच बदलावं लागंल.” खूर तिथेच ठेवून तो गेला. मी तो कुत्र्यापुढे टाकला.

पाटलाकडे एक पांढरी जोडी होती. खिल्लार, उंच, पण खूर बारीक. शर्यतीची जोडी, तिला पाडायचं पाटलाच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्याने नालबंदाला बोलावलं. नाल माझे होते, पाटलाने स्वतः माझ्याकडून निवडून नेलेले. नालबंद सहा-सात दिवस वाड्यावर जात होता. उजव्या बैलाच्या पायाची वेळ आली तेव्हा त्याने छिन्नी काढली. पुढचं मी नंतर पाटलाच्याच सालगड्याकडून ऐकलं.

पाटील म्हणाला, “हे काय करायलास?”

“मालक, खूर बारीक हाय. भोकं बाहेर घेतो.”

“तहसीलदारसाहेबांनी शाबासकी दिलेला नाल, आन तू त्याला भोसकतोस? तुला जास्त कळतंय?”

“खुराचं कळतंय, मालक.”

“हाय तसा मार. न्हाईतर दुसरा नालबंद बघतो.”

त्याने आहे तसा मारला. इथे त्याचीही चूक झाली असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. त्याने अवजारं गुंडाळून निघून यायला हवं होतं. पण पाटलाच्या दारातून असं निघून येणारा त्या काळात कोण होता, हे मला कुणी दाखवावं. मी तर निघून आलो नसतोच.

आठ दिवसांनी तो आपल्या रीतीप्रमाणे परत गेला, आणि बैलाचा खूर त्याच्या हाताला गरम लागला. बैल पाय पुरता टेकवत नव्हता. पाटलाच्या घरात तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याने स्वतः पाटलाला बोलावून सांगितलं, खिळा जित्याला लागलाय, नाल काढावा लागेल. दुसरा कोणताही नालबंद परत गेलाच नसता. महिन्याने बैल लंगडला असता, कुणी खडकाला बोल लावला असता, कुणी नजरेला. हा परत गेला म्हणून पकडला गेला. पाटलाने त्याला पहिला प्रश्न हाच केला, “तुलाच कसं कळलं बे? केलं तूच, म्हणून कळलं.”

नाल काढायला बैल माझ्या भट्टीवर आणला. पाटील आला, गावातले चार वजनदार लोक आले, तेली आला, आणि एरवी बैल पाडायला जमणारे गडी सगळे आले. पाटील म्हणाला, निवाडा लोहार करील. नाल कुणाचा ते त्याला ठाऊक, खिळा कसा गेला तेही तोच सांगेल. आमच्या गावात एक रीत होती. लोहाराने ऐरणीवर हात ठेवून सांगितलं की त्यापुढे पुरावा मागत नसत. विळ्याच्या पात्याला दिलेलं पाणी खरं की खोटं, धावेचं लोखंड नवं की जुनं, सगळं ऐरणीवर हात ठेवून. माझ्या बापाने त्या ऐरणीवर कधी खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

मी सांडशीने नाल काढला. बाहेरचे खिळे कोरडे निघाले. आतल्या बाजूचा एक खिळा काढला तेव्हा त्याच्या टोकाबरोबर काळं पाणी आलं आणि वास सुटला. बैलाने मान खाली घातली. खिळा सरळ होता. हात चुकला असता तर तो वाकडा गेला असता, कडेने फाकला असता. तो भोकाने दाखवलेल्या वाटेने अगदी सरळ गेला होता. नालबंदाचा हात एका केसाचाही चुकला नव्हता. भोकच चुकीच्या जागी होतं आणि ते मी पाडलं होतं.

तो माझ्याकडे बघत होता. मला सगळं दिसलंय हे त्याला दिसलं.

“दादा,” तो म्हणाला, “खिळा दाखव सगळ्यांना. सरळ हाय का वाकडा, एवढंच सांग.”

मी खिळा मुठीत घेतला आणि नाल वर धरला. नवा नाल, खाच चकचकीत. तो पाटलाच्या हातात दिला. पाटलाने फिरवून पाहिला आणि पुढच्याकडे दिला. एकेकाच्या हातून नाल फिरला. कुणालाही त्यात खोट दिसली नाही, कारण एकट्या नालात खोट दिसतच नाही. त्या बारीक खुरावर ठेवला तरच दिसते.

तेली म्हणाला, “माझ्या बैलाला तर यानंच मारले उभ्यानं. काय झालं न्हाई.”

“तुझा बैल म्हातारा हाय,” एक गडी म्हणाला, “त्याला झोपंत मारले तरी कळायचं न्हाई.”

नालबंद म्हणाला, “दुसऱ्या पायावर नाल नुसता ठेवून बघा, मालक. भोक कुठं येतंय ते बघा. मारू नका, ठेवा.”

“आता आणखी एक पाय घालवायचाय व्हय?” पाटील म्हणाला. त्याला आपलं ‘हाय तसा मार’ आठवत होतं, हे मला आज कळतं. तोही निवाड्याची वाट बघत होता, पण निवाडा कोणता यावा हे त्याने आधीच ठरवलं होतं. मग तो माझ्याकडे वळला. “सांग.”

मी ऐरणीवर हात ठेवला. ती गार होती, सकाळपासून काम नव्हतं. मी म्हणालो, “नाल साफ हाय. उभ्यानं मारताना बैल हलला आन हात गेला.”

एवढंच. दोन वाक्यं. मग मी मुठीतला खिळा भट्टीत राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यांत टाकला आणि भाता ओढला. भाता ओढण्याचं काहीच कारण नव्हतं.

नालबंदाने आरडाओरड केली नाही. शपथ घेतली नाही. माझ्या जवळ आला आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “भोकं बाहेर घे. पुढच्या बैलाचं तरी बघ.”

बैल जगला, पण गाडीला परत कधी लागला नाही. पाटलाने नालबंदाला गावात काम बंद केलं. काम बंद म्हणजे गाव बंद. बायको आणि दोन मुली घेऊन तो लातूरकडे निघाला, तेव्हा वाट माझ्या भट्टीवरूनच होती. त्याने पाहिलं नाही. त्याची बायको थांबली. मला ती आजवर भाऊ म्हणत आली होती. म्हणाली, “भाऊ, तुमचा हात बरा हाय ना? ऐरणीवर ठेवला व्हता म्हणून इचारते.”

त्यानंतर महिन्याभरात मी नवा साचा केला. भोकं काडीभर बाहेर घेतली. हे मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, लोहाराचा नाल दिवसेंदिवस सुधारतोय. शाळेच्या कपाटात आहे तो हा दुसरा साचा. त्यातली खाच माझी आहे आणि भोकांची जागा त्याची आहे. पहिला साचा मी मोडून त्याचे विळे केले.

गावात बैल पुन्हा पाडायला लागले. गड्यांना आनंद झाला. परळीकडचा एक नालबंद यायचा, एका दिवसात दहा बैल उरकायचा आणि परत तोंड दाखवायचा नाही. लोकांना तो आवडे. दुसऱ्या वर्षी पाटलाचाच डावा बैल पाडताना बरगडी मोडून मेला. पाटील म्हणाला, जनावराचं नशीब.

माझ्या बायकोला मी काही सांगितलं नव्हतं, पण निवाड्याच्या दिवशी ती दारात उभी होती आणि भाता का ओढला हे तिला कळलं होतं. पावसाळ्यात तिने तो शेला खुंटीवरून काढला आणि गोवऱ्यांवर झाकला. मी विचारलं, “हे कावून?” ती म्हणाली, “गोवऱ्या भिजाया नकोत. त्यांचा तरी उपेग हाय.” तिच्या मरणापर्यंत आमच्यात त्यावर दुसरं बोलणं झालं नाही.

बऱ्याच वर्षांनी उदगीरच्या बाजाराहून आलेल्या एकाने सांगितलं की आपला जुना नालबंद तिकडे दिसला. मी विचारलं, “उभ्यानं मारतो का?” तो म्हणाला, “छ्या. दोर टाकून, पाडून. तिथं कोण चार दिवस उबं ऱ्हातंय?” मला वाटलं होतं, ऐकून हलकं वाटेल की माणूस काम करून पोट भरतो आहे. तसं वाटलं नाही. मी त्याचं फक्त गाव घेतलं असं धरून चाललो होतो. मग कळलं की त्याची रीतही त्याच्या हातातून मीच काढून घेतली होती, आणि ती माझ्याकडे तरी कुठे आली?

जायचं माझ्या मनात होतं. उदगीर दोन मुक्कामांवर. मी गेलो नाही. बैल, पाऊस, पोरीचं लग्न, अशी कारणं होती. ती लिहून ठेवण्यात अर्थ नाही. तो कधी मेला हेही मला कळलं नाही.

परवा मास्तरांना घरी बोलावून हे सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, अंबाजोगाईला शिकलेले, माणूस चांगला आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाबा, झालं ते झालं. शोध तर तुमचाच आहे ना?”

“निम्मा,” मी म्हणालो. “आन निम्म्याहून मोठा शोध त्याचा व्हता. त्याचंबी ठेवा कपाटात.”

“त्याचं काय ठेवू? वस्तू द्या, ठेवतो. साचा दाखवता येतो पोरांना. बैल उभा कसा राहिला हे काचेमागे कसं ठेवायचं?”

“लिहून ठेवा.”

“तुम्ही सांगा, मी लिहितो,” ते म्हणाले, आणि खरोखरच कागद काढला.

मी सांगायला लागलो. पहिल्या दिवशी अवजार न्यायचं नाही. मालकाने तोंडाशी उभं राहायचं, आपण खांद्याशी. हात लावायचा नाही. बैलाचे कान पुढे-मागे होतात ते थांबेपर्यंत उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी हात खांद्यावरून ढोपरापर्यंत आणायचा, पाय झटकला तरी हात काढायचा नाही. चौथ्या दिवशी पाय मांडीवर घ्यायचा.

मास्तरांनी लेखणी थांबवली. “तिसऱ्या दिवशी?”

ढोपरावर थांबलेला हात आणि मांडीवर आलेला पाय, यांच्यामध्ये जे काही आहे तेच सगळं काम आहे. झटकणारा बैल त्या एका दिवसात पाय द्यायला लागतो. मास्तर वाट बघत होते. मी त्यांना सांगितलं की मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या भट्टीवर दहा-बारा माणसं जमली होती आणि मी त्यांना नालबंदाची नक्कल करून दाखवत होतो, एका खांबाला बैल मानून त्याच्याशेजारी हात जोडून उभा. ती हसत होती. त्यांची तोंडं माझ्याकडे होती, आणि तेल्याच्या अंगणाकडे माझी पाठ होती.